सुरांची टपालपेटी : स्टीव्ह विकमचं व्हायोलिन

ताई, यू-टू या बँडचं ‘संडे ब्लडी संडे’ हे गाणं मी कॉलेजच्या होस्टेलवर रोज ऐकतो. त्यात गिटार आणि ड्रमच्या मध्ये व्हायोलिन येतं. पण या बँडमध्ये व्हायोलिन वाजवणारं कुणीच नाही. मग हा माणूस कोण, आणि पुढे त्याचं काय झालं?
*(अभियांत्रिकीचा विद्यार्थी, कोल्हापूर)*

बाळा, तुझ्या कानाचं कौतुक वाटलं. ते गाणं जगभर गाजलं, पण त्यातलं व्हायोलिन कुणाचं हे विचारणारे फार थोडे. ज्याच्याबद्दल लिहायला मला कुणीतरी विचारावं असं फार दिवस वाटत होतं, नेमका तोच माणूस तू विचारलास, म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

त्याचं नाव स्टीव्ह विकम. जन्म 1960, गाव डब्लिन. 1982 साली यू-टू डब्लिनच्याच विंडमिल लेन स्टुडिओत ‘वॉर’ या अल्बमचं काम करत होते. एका सकाळी त्यांचा गिटारवादक एज स्टुडिओकडे निघालेला असताना बसथांब्यावर विकमने त्याला गाठलं आणि सरळ विचारलं, तुमच्या नव्या अल्बमला व्हायोलिन लागणार आहे का? विकम तेव्हा जेमतेम एकवीस-बावीस वर्षांचा. एजने त्याला बोलावलं. विकम इलेक्ट्रिक व्हायोलिन घेऊन गेला आणि अर्ध्या दिवसात वाजवून मोकळा झाला. गाण्यावर शेवटी चढलेलं वाद्य तेच. 1983 च्या फेब्रुवारीत अल्बम बाजारात आला. त्याच अल्बममधल्या ‘ड्राउनिंग मॅन’ या गाण्यातही विकम आहे, तेही ऐक.

गाण्याचा विषय तुला माहीत असेलच. 30 जानेवारी 1972 रोजी उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहरात नागरी हक्कांसाठी निघालेल्या मोर्चावर ब्रिटिश पॅराशूट पलटणीने गोळीबार केला. त्या दिवशी तेरा माणसं मेली, चौदावा जखमी नंतर गेला. गाण्याची सुरुवात लष्करी संचलनासारख्या ड्रमने होते. (ड्रमचा आवाज घुमावा म्हणून त्याचं रेकॉर्डिंग स्टुडिओच्या जिन्याशी केलं होतं.) त्यावर गिटारचे सुटे, टोकदार स्वर. अशा गाण्यात व्हायोलिनवाल्याला दोन मोह होतात. एक म्हणजे लांब, रडवे स्वर ओढायचे, कारण विषय मरणाचा आहे. दुसरा म्हणजे आपण आयरिश आहोत हे दाखवायला लोकधून वाजवायची. विकमने दोन्ही टाळलं. तो मधेच येतो, दोन-चार करकरीत फटकारे मारतो आणि बाजूला होतो. बो, म्हणजे व्हायोलिनचा गज, तारेवर घासल्याचा खरखरीत आवाजही त्याने पुसून काढलेला नाही. मला तो आवाज फार मोलाचा वाटतो. बाविशीच्या पोराला मोठ्या बँडच्या स्टुडिओत पहिल्यांदा पाय ठेवल्यावर इतकं कमी वाजवायचं सुचावं, याला संगीताची जाण म्हणतात.

त्यानंतर तो ‘इन तुआ नुआ’ या बँडच्या संस्थापकांपैकी एक झाला. त्यात रॉकच्या वाद्यांबरोबर आयरिश पाइप्सही होते. शिनेड ओ’कॉनर पुढे मोठी गायिका झाली, पण शाळकरी वयात तिने याच बँडसोबत एक गाणं रचलं होतं. तिच्याच एका कच्च्या रेकॉर्डिंगवर विकमचं व्हायोलिन होतं. ते लंडनमध्ये माईक स्कॉटच्या कानावर पडलं आणि विकमच्या आयुष्याची दिशा ठरली.

माईक स्कॉट मूळचा एडिंबरोचा, ‘वॉटरबॉइज’ या बँडचा कवी, गायक आणि कर्ताधर्ता. 1985 सालचा त्यांचा ‘धिस इज द सी’ हा अल्बम म्हणजे गिटार, पियानो, ट्रम्पेट यांचे थरावर थर चढवून केलेला भव्य नाद. त्यातल्या ‘द पॅन विदिन’ या गाण्यात स्कॉटने विकमला बोलावलं. गाणं सहा मिनिटांवर जातं आणि व्हायोलिन त्यात शेवटपर्यंत टिकून राहतं. हे गाणं हेडफोन लावून ऐक, कारण मोबाइलच्या स्पीकरवर तार आणि गिटार एकमेकांत मिसळून जातात.

मग विकम वॉटरबॉइजचाच झाला आणि त्याच्या आमंत्रणावरून 1986 साली स्कॉट डब्लिनला राहायला आला. एका वादकाच्या येण्याने अख्ख्या बँडचं वळण बदलल्याची इतकी स्पष्ट उदाहरणं मला फारशी ठाऊक नाहीत. स्कॉटचा तो भव्य नाद हळूहळू उतरत गेला. सॅक्सोफोन वाजवणाऱ्या अँथनी थिसलथ्वेटने मँडोलिन हातात घेतलं, आणि व्हायोलिन मागच्या रांगेतून थेट गायकाच्या शेजारी आलं. जानेवारी 1986 मध्ये, पुन्हा त्याच विंडमिल लेन स्टुडिओत, ‘फिशरमन्स ब्लूज’चं काम सुरू झालं. ते इतकं लांबलं की अल्बम यायला 1988 चा ऑक्टोबर उजाडला. मधल्या काळात त्यांनी इतकं रेकॉर्ड करून ठेवलं होतं की 2013 साली त्या सगळ्याचा संच निघाला तेव्हा त्यात शंभराहून जास्त ध्वनिमुद्रणं होती.

अल्बमचं पहिलं गाणं, ज्यावरून अल्बमला नाव पडलं, त्याच्या रचनेत स्कॉटबरोबर विकमचंही नाव आहे, आणि ते कान देऊन ऐकलं की रास्त वाटतं. शब्द स्कॉटचे, पण गाणं उचलून धरते ती व्हायोलिनची धून. ती ओळीच्या आधी येते, ओळ संपली की पुन्हा येते, आणि एकदा ऐकली की दिवसभर डोक्यात राहते.

आमच्या नातवाने वॉटरबॉइजची गाणी ऐकवली. छान वाटली. पण तो म्हणतो की ऐन भरात असताना व्हायोलिनवाला बँड सोडून गेला. का? आणि दुसरं, खेड्यापाड्यातल्या लोकसंगीताला अशी वीज जोडल्याने त्याचा जीव जात नाही का?
*(निवृत्त शिक्षक, सांगली)*

सर, आधी पहिला प्रश्न. ‘फिशरमन्स ब्लूज’चा शेवटचा भाग 1988 साली गॉलवेच्या पश्चिमेला, समुद्रकाठच्या स्पिडल गावातल्या एका मोठ्या घरात रेकॉर्ड झाला. तिथे आसपासचे जाणते लोकवादक येऊन वाजवत. आयरिश कवी येट्सच्या ‘द स्टोलन चाइल्ड’ या कवितेचं गाणं त्यांनी तिथेच केलं. त्यातली मूळ कविता म्हणायला त्यांनी कुणी नट आणला नाही, तर कोनेमारातला परंपरेने गाणारा टोमास मॅक ओइन याला बसवलं. हा सगळा मुलूख आयरिश भाषा बोलणारा. पुढच्या वर्षी अकॉर्डियन वाजवणारी शॅरन शॅनन बँडमध्ये आली आणि 1990 चा ‘रूम टु रोम’ हा अल्बम जवळजवळ लोकसंगीताचाच झाला.

तिथे वाटा फुटल्या. अल्बम झाल्यावर दौरा ठरत होता आणि स्कॉटला पुन्हा दणदणीत रॉककडे वळायचं होतं. विकमला ते पटलं नाही आणि तो बाहेर पडला. त्याच्याबरोबर बँडचा तो सगळा बाजच गेला. मला त्याचा निर्णय योग्य वाटतो. त्याने भांडण चव्हाट्यावर आणलं नाही. वायव्य आयर्लंडमधल्या स्लायगोला तो स्थायिक झाला आणि वाजवत राहिला. दहा वर्षांनी, 2000 साली, तो पुन्हा वॉटरबॉइजमध्ये आला आणि दोन दशकं राहिला. 2022 मध्ये तो बाहेर पडला.

दुसऱ्या प्रश्नावर माझं मत ठाम आहे. लोकसंगीताचा जीव विजेने जात नाही. कोण कुणाला ऐकून वाजवतंय हे सुटलं की जातो. माझी भाची गॉलवेत नोकरीला आहे. तिच्याकडे गेले असताना एका संध्याकाळी ती मला पबमधल्या सेशनला घेऊन गेली. सेशन म्हणजे वादकांची बैठक. व्यासपीठ नाही, माईक नाही, टेबलाभोवती फिडल (म्हणजे व्हायोलिनच), बासरी, अकॉर्डियन घेऊन माणसं बसलेली. एकजण धून सुरू करतो, ज्यांना येते ते सामील होतात, ज्यांना येत नाही ते वाद्य मांडीवर ठेवून ऐकतात. कोपऱ्यात एक पोरगा होता. दोन धुनांमध्ये त्याने वाद्य उचललं नाही, डोळे मात्र शेजारच्या आजोबांच्या उजव्या मनगटावर खिळलेले. तिसऱ्या धुनीला त्याने बो लावला आणि आजोबांनी मान हलवली. मला आमच्या गुरुजींचा क्लास आठवला.

विकमच्या वाजवण्यात हे शिक्षण आहे, वाद्याला वायर जोडलेली असली तरी. स्टेजवर ड्रम आणि दोन गिटार असताना साधं व्हायोलिन ऐकूच येणार नाही. ते माईकपुढे धरून माईकचा आवाज वाढवावा, तर स्पीकरचा आवाज लाकडी पोटात शिरून शिटी वाजायला लागते. म्हणून तारांची कंपनं थेट ब्रिजपाशी, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या लाकडी घोडीपाशी, पकडून विजेने मोठी करायची. पुढे विकमने गिटारवाल्यांची, पायाने दाबून आवाज बदलायची पेडलंही वापरली. त्यात एक गंमत आहे. गिटारची तार छेडली की स्वर लगेच ओसरायला लागतो. बो मात्र फिरतोय तोवर स्वर भरलेला राहतो. त्या भरल्या स्वराला फझ पेडलची घरघर दिली की असा आवाज निघतो जो गिटारला जन्मात काढता येणार नाही. विकम तो आवाज राखून ठेवतो आणि गाणं टिपेला पोचल्यावरच काढतो.

प्रभाकर जोगांचं ‘गाणारं व्हायोलिन’ तुम्ही ऐकलं असेलच. पण तेच जोग बाबूजींच्या गीतरामायणाला साथीला बसत तेव्हा शब्दाच्या पुढे एक पाऊल टाकत नसत. विकम आणि जोग यांचं संगीत पूर्ण निराळं आहे, मी तुलना करत नाही. इतकंच म्हणते की साथ ऐकून तयार झालेला आपला कान विकमला चटकन ओळखतो. एकट्याच्या नावावर त्याचे अल्बम थोडेच, ‘जेरोनिमो’ 2004 चा आणि ‘बीकीपर’ 2017 चा. त्याचं खरं मोठं काम दुसऱ्यांच्या गाण्यांत आहे, आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

माझी मुलगी तेरा वर्षांची आहे, चार वर्षं व्हायोलिन शिकतेय. आता तिला ‘इलेक्ट्रिक’ हवंय. दुकानदार भरीव लाकडाचं नवं वाद्य घ्या म्हणतो. काय करावं? मागच्या वेळी गणपतीत तिने पिकअप लावून वाजवलं तर आवाज पत्र्यावर खडे पडल्यासारखा आला, बिचारी रडली.
*(एक आई, नाशिक)*

आधी तिला सांगा की आवाज तिचा वाईट नव्हता. काय झालं असेल ते मी इथे बसून सांगू शकते, कारण माझ्या क्लासमधल्या मुलांचंही हेच होतं. व्हायोलिनला लावतात तो पिकअप बहुधा पिएझो जातीचा असतो. दाब पडला की वीज तयार करणारा तो छोटा स्फटिक ब्रिजच्या फटीत किंवा पायाशी बसवतात. त्याचा सिग्नल फार अशक्त असतो. तो थेट मंडळाच्या मिक्सरच्या लाइन इनपुटला जोडला, तर त्या इनपुटचा दहा हजार ओहमच्या आसपासचा रोध त्याला झेपत नाही. खालचे स्वर गळून जातात आणि उरतो तो पत्रा. पिएझोला दहा लाख ओहम किंवा त्याहून जास्त रोधाचं इनपुट लागतं. म्हणून मध्ये सिग्नल बळकट करणारा प्रीअँप हवा. तो छोट्या डबीएवढा असतो, पट्ट्याला अडकवता येतो. प्रीअँप लावा, मिक्सरवर वरची पट्टी (ट्रेबल) थोडी उतरवा आणि स्पीकरकडे पाठ करून उभं राहू नका. निम्मा त्रास तिथेच संपेल.

नवं भरीव वाद्य आत्ता घेऊ नका. भरीव वाद्याला पोट नसल्यामुळे शिटी वाजत नाही हे खरं, मोठ्या स्टेजवर ते कामाचंही आहे. पण घरी रियाज करताना त्यातून जेमतेम कुजबुज निघते आणि हेडफोनवर सगळं गोडच ऐकू येतं. बोचा दाब चुकला, मनगट ताठ राहिलं, तर लाकडी व्हायोलिन तिथल्या तिथे सांगतं. तेराव्या वर्षी हे सांगणारं कुणीतरी हवंच. आहे त्याच वाद्याला चांगल्या कारागिराकडून पिकअप बसवून घ्या. फक्त बसवताना ब्रिज फार कोरू देऊ नका आणि आतला साउंडपोस्ट, म्हणजे पोटातली छोटी लाकडी दांडी, हलला तर नाही ना, हे तिथेच वाजवून बघा.

आणि तिने पेडलचा हट्ट धरला तर एक डिले, म्हणजे प्रतिध्वनी देणारं पेडल, घेऊन द्या. फझ नंतर. फझमध्ये बोचा प्रत्येक ओरखडा दहापट होतो, त्यामुळे हात साफ झाल्याशिवाय त्यात मजा येत नाही. दोन तारा एकदम वाजवल्या तर ते आणखी बिनसतं. पंचमाचं अंतर असेल तर गोड लागतं, नाहीतर नुसता गोंगाट. हे ती स्वतः करून बघेल तेव्हा तिला जास्त समजेल, पण वर्षभराने.

आम्ही डब्लिनमध्ये राहतो. मुलाला इथल्या ‘कोलतस’ या संगीतसंस्थेच्या वर्गात फिडलसाठी घातलंय. घरी आजी त्याला आपल्या पद्धतीचं व्हायोलिन शिकवायच्या विचारात आहेत. दोन्ही एकदम चालेल का? फिडल आणि व्हायोलिन वेगळं वाद्य आहे का?
*(एक वाचक, डब्लिन)*

वाद्य एकच. तिथल्या लोकसंगीतात त्याला फिडल म्हणतात एवढंच. फरक बसण्यात, सुरावटीत आणि हाताच्या सवयीत आहे. आजी जमिनीवर बसून, वाद्याचं टोक पायावर टेकवून, तारा सा-प-सा-प अशा लावून शिकवतील. तिकडे हनुवटीखाली धरून, जी-डी-ए-ई अशा लावतात. आपली मींड म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं. त्यांचं सौंदर्य ‘रोल’ आणि ‘कट’मध्ये, म्हणजे मुख्य स्वराला वरून-खालून बोटाचा निसटता स्पर्श देण्यात. मुलाचं वय लहान असेल तर दोन वर्षं एकच धरणी ठेवा. कान मात्र दोन्हींकडे उघडा राहू द्या. आजींनी त्याला गाणं शिकवावं, तोंडाने. सुरात गाणारं मूल फिडलवरही सुरात येतं, आणि आजींकडे जे आहे ते त्याच्यापर्यंत पोचायला वाद्याची वाट बघावी लागणार नाही.

कोलतस ही 1951 साली मुलिंगार गावी सुरू झालेली संस्था. पारंपरिक संगीत टिकवायचं काम तिने फार मनापासून केलंय. तुम्ही तिथेच आहात तर मुलाला एकदा स्लायगोला घेऊन जा. मायकेल कोलमन हा त्या भागातला फिडलवादक. 1891 चा जन्म, तरुणपणी न्यूयॉर्कला गेला आणि 1920 च्या दशकात तिथे काढलेल्या त्याच्या तबकड्या परत आयर्लंडमध्ये येऊन घराघरात वाजल्या. पुढच्या पिढ्यांनी त्या ऐकूनच स्लायगोची चपळ, नक्षीदार ढब उचलली. विकमने घर करायला तोच प्रदेश निवडला. तिथे ‘नो क्रोज’ या छोट्या चमूत तो कुठल्याही दणदणाटाशिवाय वाजवतो, आणि त्याचा हात त्यात अगदी उघडा ऐकू येतो.

येट्सचाही तोच मुलूख. रवींद्रनाथांच्या इंग्रजी ‘गीतांजली’ला प्रस्तावना लिहिणारा हाच कवी. मार्च 2010 मध्ये वॉटरबॉइजने त्याच्या कवितांना चाली लावून त्यांचा पहिला कार्यक्रम डब्लिनच्या ॲबी थिएटरमध्ये केला. ते नाट्यगृह उभारणाऱ्यांमध्ये येट्स स्वतः होता. पुढच्या वर्षी त्या गाण्यांचा अल्बम आला. तुमच्या मुलाला शाळेत येट्स असणारच. कविता पाठ करायचा कंटाळा आला की तो अल्बम लावा.

ताई, सुरुवात कुठून करू? एकच सांगा.
*(एक वाचक, रत्नागिरी)*

‘फिशरमन्स ब्लूज’, पहिलं गाणं. पहिल्यांदा नुसतं ऐका. दुसऱ्यांदा गायकाकडे दुर्लक्ष करून व्हायोलिनच्या मागे जा, आणि गाणारा बोलत असताना ते कुठे गप्प बसतं तेवढंच बघा. ऐकून काय वाटलं ते मला जरूर लिहा. आवडलं नाही तरी लिहा, पुढच्या अंकात त्यावर बोलू.